आईने सोडलेला गूळ

परवा आईला पहिल्यांदा माझ्या लॅबमध्ये नेलं. पाच वर्षं झाली मी इथे सुरतमध्ये पीएचडी करतेय, आणि इथल्याच डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत अजून सगळे विचारतात, पोरगी कोणत्या दवाखान्यात आहे? आई सांगते, ती जंतूंचं बघते. विषय संपतो.

माझा विषय म्हणजे आतड्यातला अमिबा. खराब पाण्यातून पोटात जातो, आणि मग रक्ताची आव होते, तो. त्याच्या अंगावर एक प्रोटीन असतं. त्याने तो आपल्या आतड्याच्या पेशीला घट्ट धरतो आणि मगच आत घुसतो. ती पकड कशी सोडवायची, एवढंच माझं काम… बाकीचा वेळ गाईडना घाबरण्यात जातो.

शनिवार होता, लॅब रिकामी होती. आईने ठेवणीतली साडी नेसली होती आणि देवळात आल्यासारखी चप्पल दाराबाहेर काढली. इथे अनवाणी चालत नाही म्हणून मी ती परत घालायला लावली, तर तिला ते काही पटेना.

मायक्रोस्कोपखाली अमिबाची एक जुनी, रंगवलेली स्लाइड लावून दिली. आई घरी बसून साड्यांवर चमकते स्टोन चिकटवते, त्यामुळे तिची नजर पक्की आहे. मिनिटभरात सापडला तिला.

"हाईच व्हतं का तुन्हा पोटमा?" तिने आमच्या अहिराणीत विचारलं.

मी तीन वर्षांची असताना मला रक्ताची आव झाली होती. अकरा दिवस दवाखान्यात होते, सलाईनला शीर सापडत नव्हती म्हणे. मला त्यातलं काहीच आठवत नाही… आईला सगळं आठवतं.

हाच तो, म्हटलं, आणि मी उत्साहात सुरूच झाले. आपल्या पेशींवर साखरेचा एक थर असतो, याचं प्रोटीन नेमकी तीच साखर पकडतं, तू गोंदाने स्टोन चिकटवतेस ना तसा हा तिथे चिकटतो. वर हसून म्हटलं, "त्याला गोडच लागतं बघ!"

आई एकदम बाजूला झाली. मला वाटलं, डोळे दुखले असतील.

घरी आल्यावर ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "मीच तुले गोड चारं व्हतं ना…"

तेव्हा मामा बारडोलीकडे ऊसतोडीला जायचे आणि येताना गूळ आणायचे. मी स्टोनच्या डबीत हात घालू नये म्हणून आई माझ्या हातात गुळाचा खडा द्यायची. तो संपला की दुसरा. मग मी आजारी पडले आणि शेजारच्या बायका म्हणाल्या, गोड खाऊन खाऊन जंत झाले पोरीला.

आई गूळ खात नाही हे आम्हाला माहीतच होतं. माझ्यासाठी नवस केला म्हणून सोडला, असं घरात सगळे धरून चाललो होतो. दर श्रावणात कानबाईच्या सणाला ती सगळ्यांसाठी गुळाचं पुरण शिजवते, नैवेद्य बाजूला काढला की मला हाक मारते, "ये, चाखी दख," आणि स्वतः साधी पोळी खाते.

नवस नव्हताच तो. पंचवीस वर्षं ती शिक्षा भोगत होती. आणि मी एवढी शिकलेली, तिलाच जाऊन सांगितलं की त्याला गोड लागतं!

मला रडूच आलं. तिला खाली बसवलं, हात हातात घेतले आणि या वेळी नीट सांगितलं. ती साखर खाण्यातली नाही गं. शरीर स्वतःच ती पेशींवर तयार करतं. तुझ्याही आतड्यात आहे, जन्मात गोड न खाल्लेल्या माणसाच्याही आहे. मी आजारी पडले ते पाण्याने. त्या पावसाळ्यात नळाला गटाराचं पाणी येत होतं आणि अर्धी गल्ली आजारी होती, हे तूच तर सांगतेस.

आईने पदराने माझे डोळे पुसले. "मग मना गूळना काही दोस नही? खरं सांगस ना तू?"

खरं, म्हटलं. पाच वर्षं तेच तर शिकतेय.

मग तिने गुळाचा डबा काढला, एक खडा फोडला. अर्धा सवयीने माझ्या हातात ठेवला. उरलेला अर्धा हातात धरून जरा थांबली, आणि तोंडात टाकला. डोळे मिटून घेतले होते तिने…

माझा थिसिस अजून लिहून व्हायचाय. त्यातून कोणाचं काय भलं होईल, देव जाणे. पण या कानबाईला पुरण चाखायला मला हाक येणार नाही, ती स्वतःच चाखणार… आईने आजच तसं सांगून टाकलंय. चालेल मला.