यमुना सिस्टरांचं आडनाव

यमुना सिस्टरांचं आडनाव कुणी ‘कोंकणी’ असं लिहिलं, की त्या अनुस्वाराच्या टिंबावर नख ठेवायच्या आणि म्हणायच्या, “हे तुमचं आहे, परत घ्या.” समोरचा हसला तरी त्या हसत नसत. लग्नपत्रिका असो, सत्काराचा फलक असो की बँकेतले साहेब असोत, टिंब निघाल्याशिवाय त्या जागच्या हलत नसत.

नवापूरच्या कॉलेजात शिकवायला आलो तेव्हा मी त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा प्रवीण पुण्यात इंजिनिअर. मी शहाद्याकडचा, तापीकाठचा पाटील. पहिल्याच दिवशी मी सहज विचारलं, की तुमचं कोकणातलं गाव कोणतं, रत्नागिरीकडे का? त्यांनी खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडे हात केला.

“त्या डोंगरामागं. कोकणी ही आमची जमात आहे, सर. आम्ही आदिवासी. रत्नागिरी मी अजून पाहिलेली नाही.” आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठल्या.

त्यांच्या एका कुटुंबात त्या नावाची किती रूपं होती! सख्खा भाऊ हद्दीपलीकडे गुजरातेत राहायचा, तो कुकणा. नाशिककडचे चुलते कोकणा. सिस्टर स्वतः कोकणी. इंग्रजीत तर प्रत्येकाची अक्षरं वेगळी. शाळेत नाव घालताना ज्या गुरुजींच्या कानाला जे ऐकू आलं, ते पिढ्यान्‌पिढ्या चिकटलं. सिस्टर म्हणायच्या, “नाव आमचं, शाई दुसऱ्याची.”

नाव आलं कुठून, यावर होळीला भाऊबंद जमले की दरवर्षी भांडण. त्यांचे मामा सांगत, आपले पूर्वज समुद्राकडून दुष्काळात चालत आले, कोकणातून आले म्हणून कोकणी. गुजरातचा भाऊ उसळून म्हणे, आपण कुठूनच आलो नाही, हे जंगल आपलंच. दोघांचं ऐकून झालं की सिस्टर निकाल द्यायच्या, “आलो असू तर पायांनी आलो, आणि इथलेच असू तर कुणाची परवानगी लागत नाही.”

प्रवीणला मात्र हे नाव पुण्यात वेगळ्या रीतीनं उपयोगी पडलं. खोली शोधताना घरमालकानं विचारलं, कोकणातले का? तो हो म्हणाला, खोली मिळाली. मग ऑफिसातही तेच. उन्हाळ्यात हापूसच्या पेट्या विकत घ्यायचा आणि घरच्या बागेतले म्हणून वाटायचा. ऑफिसातल्या मृणालशी लग्न ठरवतानाही त्यानं तिला खरं सांगितलं नाही. तिचे आईवडील घर बघायला नवापूरला यायचे ठरले, तेव्हा तो आठवडाभर आधी आला आणि आईच्या विनवण्या करू लागला. मूळ गाव चिपळूणकडे, नोकरीमुळे इकडे राहिलो, एवढंच म्हण. सिस्टर तांदूळ निवडत होत्या. तू सांगितलंस ते तू सांभाळ, माझ्या तोंडून ते येणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या. आई गप्प राहील, असा त्यानं अर्थ घेतला.

पाहुणे आले, मृणालही बरोबर होती. सिस्टरांनी पुऱ्या केल्या होत्या, शिवाय नागलीच्या भाकरी आणि उडदाची डाळही. मला पाहुण्यांशी बोलायला बसवलं होतं. मृणालच्या वडिलांनी अदबीनं चौकशी केली, की बाग कोण बघतं?

सिस्टर ताटं मांडता मांडता थांबल्या. “आमची बाग नाही. माझे वडील जंगलात सागाच्या तोडीवर मजुरीला जायचे. आम्ही कोकणी, आदिवासी. मुलगा मेहनती आहे, एवढं मी सांगू शकते. पुढचं तुम्ही ठरवा.”

मृणालनं सिस्टरांकडे पाहिलंही नाही, ती प्रवीणकडे बघत होती. “मला तरी सांगायचंस,” ती म्हणाली. तिच्या वडिलांना एकदम लांबचा रस्ता आठवला. गाडी गेली, तिच्या पाठोपाठ प्रवीणही गेला, आईशी एक शब्द न बोलता. सिस्टरांनी सगळं अन्न डब्यांत भरलं आणि दवाखान्यात रुग्णांच्या नातेवाइकांना वाढून आल्या.

गल्लीतल्या बायका समजावू लागल्या, की फोन कर, माफी माग, पोरगा तुटेल. मीही म्हणालो, जरा सावकाश, वेळ बघून सांगता आलं असतं.

“सर, तुम्ही तुमचं आडनाव कधी हळू आवाजात सांगितलंय?”

 

वर्षभर प्रवीणचा फोन नव्हता. त्या रोज ड्युटीवर जात, पण फोन वाजला की हातातलं काम टाकून धावत. एवढं होऊनही स्वतः फोन केला नाही. मग एका रविवारी दुपारी तो सुरत पॅसेंजरनं आला आणि उंबऱ्यात उभा राहिला. त्यांनी फक्त विचारलं, जेवलास का? जेवता जेवता तो सांगू लागला. ऑफिसात सगळ्यांना आणि घरमालकालाही खरं सांगितलं होतं. घरमालकानं भाचा येणार म्हणून खोली सोडायला लावली. जेवायच्या सुट्टीत काहीजण दुसऱ्या टेबलाला जाऊ लागले. मृणालचं लग्न दुसरीकडे झालं. दोनतीन मित्र तेवढे पहिल्यासारखेच शेजारी बसतात.

सिस्टरांनी त्याच्या ताटात आणखी डाळ वाढली. “उठून गेले ते त्या चिपळूणवाल्याचे होते. बसले ते तुझे.”

गेल्या हिवाळ्यात सिस्टर गेल्या, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन. गुजरातेतून कुकणा आले, नाशिककडून कोकणा आले. तिरडी उचलली तेव्हा पुढच्या बाजूला प्रवीण आणि त्याचा गुजरातचा मामा होते. मागे खांदा द्यायला पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेले प्रवीणचे ते मित्र होते.