नंदाबाईचा दावा

लोणावळ्यात सायकल चालवणारी पहिली बाई कोण, असं बंगलेवाल्यांना विचारलं तर ते एखाद्या पारशिणीचं नाव सांगत, कारण बंगलेवाल्यांना आपल्या फाटकाबाहेरचं काही दिसत नसे. बाजारात विचारलं तर लोक आधी तोंडावर पदर नाहीतर उपरणं धरून हसत आणि मग म्हणत, "ती होय, नंदा सुईण!" हसणाऱ्यांपैकी निम्म्यांची पोरं तिच्याच हातावर जन्मलेली होती. नंदाबाईला ते हसणं नवं नव्हतं. ती घंटी वाजवून पुढे निघून जायची.

नंदाबाई मूळची जवळच्याच औंढ्याची. लग्न झालं आणि तीन वर्षांत मानमोडीच्या तापाच्या साथीत नवरा गेला. पदरी मूल नाही, तेव्हा हिला पोसायचं कशासाठी, असा विचार करून सासरच्यांनी तिला बैलगाडीत घालून माहेरी आणून सोडलं. धाकटा भाऊ सोपान मनाचा चांगला, पण जगाला भिणारा. त्याच्या दारात चूल फुंकत बसायचं नाही, असं तिनं ठरवलं आणि पुण्याला जाऊन एका दवाखान्यात सुईणपण शिकून आली. लोणावळ्याला खोली घेतली. तुंगार्ली, वळवण, कुसगाव, रेल्वेच्या चाळी, जिथून बोलावणं येईल तिथं पायी जायची. एकदा कुसगावला पोचायला उशीर झाला. ती दारात पाय ठेवते तोवर मूल गुदमरून गेलं होतं. त्या घरातून परत येताना तिनं मनाशी काहीतरी पक्कं केलं असावं, कारण पुढच्याच महिन्यात विलायतेला परत निघालेल्या एका रेल्वे गार्डाची जुनी सायकल तिनं विकत घेतली. सायकल पुरुषी होती, मध्ये दांडी असलेली. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला की दांडीची काही अडचण होत नाही. अडचण व्हायची ती बघणाऱ्यांना.

१९३६ सालच्या उन्हाळ्यात मुंबईचे बॅरिस्टर तेलवणे हवा खायला आपल्या बंगल्यात उतरले होते. मोठा माणूस. त्याच आठवड्यात गावातल्या मंडळींनी त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं आणि त्यात बॅरिस्टरांनी, बायकांनी आता उंबरठा ओलांडला पाहिजे, असं टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं. ऐकायला सगळे पुरुषच होते. त्यांच्या बायका घरी भाकऱ्या थापत होत्या.

व्याख्यानानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी नंदाबाईला वळवणहून बोलावणं आलं. अंबूबाई नावाची पोरगी पहिलटकरीण होती आणि कळा सुरू झाल्या होत्या. नंदाबाई रस्त्याच्या डाव्या कडेनं सायकल हाणत निघाली. समोरून बॅरिस्टरांची मोटार आली. स्वतः बॅरिस्टरच मोटार हाकत होते आणि मागे मुंबईचे पाहुणे खिदळत होते. मोटार रस्त्याच्या मध्यावर होती ती झोकांडी खात नंदाबाईच्या अंगावर आली. सायकल एकीकडे उडाली आणि नंदाबाई उजव्या हातावर गटारात पडली.

मोटार पुढे जाऊन थांबली. बॅरिस्टर उतरले, मडगार्डाजवळ वाकले आणि म्हणाले, "अरेरे, चांगलंच खरचटलंय."

नंदाबाईला वाटलं, आपल्याला म्हणतायत. ती म्हणाली, "खरचटलं न्हाई साहेब, हात मोडलाय."

तेव्हा कुठे त्यांनी गटारात बघितलं. "बाजूला का नाही झालीस?"

"बाजूलाच हुते. त्याच्या पल्याड ह्ये गटारच हाय."

"बाईमाणसानं सायकलवर बसावंच कशाला?" बॅरिस्टर म्हणाले आणि मोटारीत बसून निघून गेले. मोटारीत जागा होती. पण गाद्यांवर नवीन खोळी घातलेल्या होत्या आणि नंदाबाईच्या लुगड्याला गटाराचा चिखल लागला होता.

नंदाबाईनं पदरानं हात गळ्यात बांधला आणि वळवणला चालत गेली. दुसरं काय करणार? अंबूबाई तिकडे ओरडत होती. नंदाबाई भिंतीला टेकून उभी राहिली आणि अंबूबाईच्या सासूला, मुक्ताबाईला, एकेक गोष्ट सांगत गेली. "डोकं वडू नका मावशी. निसतं धरा. आता खांदा येतोय, तेला वाट द्या." मुक्ताबाईनं हात लावले, नंदाबाईनं तोंड चालवलं आणि मुलगी सुखरूप झाली. मुलीनं पहिला टाहो फोडला तशी नंदाबाई भिंतीवरून घसरत खाली बसली आणि तिची शुद्ध हरपली.

हाड बसवलं, प्लॅस्टर घातलं, पुढे काढलंही. पण कोपर अर्धंच उघडायचं आणि बोटांत पकड राहिली नाही. सुईणीचा उजवा हात गेला म्हणजे सुईण गेली.

पोलिसांनी बेदरकार मोटार हाकल्याचा खटला भरला. वडगावच्या कचेरीत मॅजिस्ट्रेटनं दंड केला. बॅरिस्टरांनी दंड जागच्या जागी भरला आणि कारकुनाशी यंदाच्या उकाड्याबद्दल दोन शब्द बोलून ते निघून गेले. बाहेर येऊन नंदाबाईनं सोपानला विचारलं, "दंड कुनाला मिळाला?"

"सरकारला."

"हात माजा मोडला आन् दंड सरकारला? सरकारचं काय मोडलं?"

 आठवड्यानं सोपान बैलगाडीत घालून एक शिवणयंत्र घेऊन आला. बॅरिस्टरांनी एका अनाथ विधवेच्या उद्धारासाठी ते पाठवलं होतं, असा निरोप होता. गावातली चार शहाणी माणसंही सोबत आली होती आणि बॅरिस्टरांच्या थोर मनाचं कौतुक करत होती.

"अक्का, मशीन लय झ्याक हाय," सोपान म्हणाला. "विलायती."

"कापड कंच्या हातानं धरू?" नंदाबाईनं विचारलं. "का बॅरिस्टर येनार हायती धरायला?"

शहाणी माणसं एकमेकांकडे बघू लागली. यंत्र हातानं फिरवायचं होतं आणि एक हात लुळा असलेल्या बाईला ते कसं चालवता येणार, हा विचार त्या चौघांच्याही डोक्यात आला नव्हता. बॅरिस्टरांच्या डोक्यात तर यायचं कारणच नव्हतं.

"परत नेऊन टाक," ती म्हणाली. "दान द्याचं असंल तर देवळाफुडं बसल्यात त्यास्नी दे म्हनावं. मला माज्या हाताची भरपाई पायजे."

"अगं पर त्यो बॅरिस्टर हाय. त्येच्यासंगं कोर्टात जायाचं म्हंजी..."

"म्हंजी काय? हात तर मोडून झालाय. आता आनखी काय मोडनार?"

तळेगावचे वाहिद इनामदार वडगावच्या कोर्टात वकिली करत. वय तिशीच्या आतलं, कोट एकच, आणि पक्षकार बहुतेक बांधावरून भांडणारे. त्यांनी नंदाबाईचं सगळं ऐकून घेतलं.

"फौजदारी खटला सरकारचा असतो, बाई," ते म्हणाले. "त्यातला दंड सरकारजमाच व्हायचा. तुमच्या नुकसानीसाठी दिवाणी दावा वेगळा लावावा लागतो. तोही अपघातापासून वर्षाच्या आत. फौजदारीत दंड झाला तरी त्यांनी हयगय केली हे इथं पुन्हा नव्यानं दाखवायचं आणि त्या हयगयीनं तुमचं काय गेलं तेही दाखवायचं. ते यंत्र ठेवून घेतलं नाहीत हे फार चांगलं केलंत. घेतलं असतंत तर कोर्टात म्हणाले असते, प्रकरण मिटलं."

"जिंकू का आपन?"

"ते मी सांगू शकत नाही. ते बॅरिस्टर आहेत. पुण्याहून मोठा वकील आणतील."

"बरं झालं," नंदाबाई म्हणाली. "जिंकूच म्हनून सांगनारा वकील मला नकोच हुता."

दावा लागला तशी गावाची तोंडं फिरली. अपघात पाहिलेले रस्त्यावरचे दोघेतिघे होते. ते सगळे एकाएकी आंधळे झाले. कोणाचा बंगल्यावर दुधाचा रतीब होता, कोणाचा मुलगा माळीकाम करत होता. एकानं तर तिला तोंडावर सांगितलं, "मी त्या दिवशी लोणावळ्यातच न्हवतो." त्या दिवशी त्यानंच तिची सायकल गटारातून ओढून काढली होती. नंदाबाई त्याला एवढंच म्हणाली, "मग ज्यानं सायकल काढली त्येला माजा रामराम सांग."

कोर्टात बॅरिस्टरांच्या पुण्याच्या वकिलानं दोन मुद्दे मांडले. पहिला असा, की बाईला सायकल चालवताच येत नव्हती, ती स्वतःच्या कर्मानं पडली. दुसरा मुद्दा वकिलांना फार आवडला असावा, कारण तो मांडताना ते चवड्यांवर उभे राहिले. "हात मोडलेली बाई मैलभर चालत जाऊन बाळंतपण करते! महाराज, हात मोडला होता, की नंतर मोडून घेतला?"

वाहिद वकिलांनी अंबूबाईला उभं केलं. तिनं कडेवरच्या पोरीसकट साक्ष दिली. "त्या भितीला टेकून हुत्या. हात माज्या सासूचे हुते. मला एक बोट लावलं न्हाई त्येंनी, कसं लावत्याल? हात निळा पडला हुता." पुण्याच्या वकिलानं तिला दरडावून विचारलं, की कळा येत असताना तू दुसऱ्याच्या हाताचा रंग कसा बघत होतीस? अंबूबाई म्हणाली, "मग कुटं बघू? त्याच बोलत हुत्या."

हाताचं सिद्ध झालं. पण मोटार कोणाच्या चुकीनं अंगावर आली, हे सांगणारं कोणी नव्हतं. शेवटी बॅरिस्टर स्वतः पिंजऱ्यात उभे राहिले. खुर्चीत बसावं तसे ते उभे होते. वडगावचं कोर्ट, समोर एका कोटाचा वकील, मागे मावळातले पागोटेवाले. बॅरिस्टरांना सगळी गंमतच वाटत होती.

"रस्ता सरळ होता?" वाहिद वकिलांनी विचारलं.

"सरळ."

"बाई आपल्याला दिसली होती?"

"चांगली फर्लांगभर आधी! असलं ध्यान कोणाला दिसणार नाही? नऊवारी, काष्टा आणि पुरुषी सायकल. मी तर पाहुण्यांना दाखवलंसुद्धा. म्हटलं, बघा, मावळची प्रगती!"

कोर्टात हशा पिकला. पागोटेवालेही हसले. सोपानसुद्धा सवयीनं हसला आणि मग अक्काकडे बघून त्यानं मान खाली घातली. वाहिद वकीलही हसले.

"पाहुणे मागच्या बाजूला बसले होते ना?"

"हो."

"आणि आपण पुढे, मोटार हाकत."

"अर्थात."

"मग त्यांना दाखवताना आपण मागे वळला असाल."

बॅरिस्टरांचं हसू जागच्या जागी थांबलं. "क्षणभर."

"आणि पुन्हा पुढे पाहिलंत, तेव्हा बाई कुठे होती?"

बॅरिस्टरांनी आपल्या वकिलाकडे बघितलं. वकील मान खाली घालून चष्म्याची काच पुसत होते आणि ती काच काही केल्या स्वच्छ होत नव्हती.

"गटारात," बॅरिस्टर म्हणाले.

न्यायाधीशांनी ते वाक्य लिहून घेतलं. लिहायला त्यांना बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ कोर्टात कोणी हसलं नाही.

निकाल नंदाबाईच्या बाजूनं लागला. पण मागितली होती त्याच्या निम्मीच भरपाई मिळाली, कारण एकट्या विधवेच्या गरजा माफक असतात, असं न्यायाधीशांचं मत पडलं. वाहिद वकिलांनी तिला ते वाचून दाखवलं.

"माज्या गरजा त्यास्नी कुनी सांगितल्या?" नंदाबाई म्हणाली. "आन् बॅरिस्टर रंडका असता तर त्याचा हात बी निम्म्यात गेला असता का?"

बॅरिस्टरांनी पुण्याला अपील केलं. तिथंही हरले. मग पैसे भरायचं टाळत बसले. दोन उन्हाळ्यांनंतर ते पुन्हा हवा खायला आले, तेव्हा वाहिद वकिलांनी जप्तीचा हुकूम काढला आणि कोर्टाचा बेलिफ बंगल्यावर जाऊन मोटारीला चिकटला. पाहुणे व्हरांड्यात चहा पीत होते. बेलिफानं मोटारीभोवती फिरून तिचे दिवे, चाकं, गाद्या असं सगळं मोठ्यानं वाचत लिहून घेतलं. चहा गार व्हायच्या आत आतून पैसे आले.

नंदाबाईनं बाळंतपणं सोडली नाहीत. मुक्ताबाईला आणि आणखी एकीला तिनं तयार केलं. त्या हात लावत आणि ही शेजारी उभी राहून सांगे, चुकल्या तर शिव्या देई. सायकल ती पुन्हा शिकली. उजवं कोपर वाकडंच राहिल्यामुळे सायकल जराशी तिरकी चाले आणि लोक पुन्हा हसत.

पण आता मोटारीनं पाडलेला माणूस आधी तिच्या दारात येऊ लागला. ती सांगे, मोटारीचा नंबर बघा, आधी चौकीवर जा, साहेबाच्या हातून काही घेऊ नका, आणि वर्ष उलटू देऊ नका. बहुतेकांना ते पटे आणि बहुतेक जण ऐकत नसत.

जर्मनीशी लढाई सुरू झाली त्या साली बजरंग नावाचा गवळी आला. दुधाच्या कासंड्या सायकलला लावून जात असताना एका शेठच्या मोटारीनं त्याला उडवलं होतं. पाय गुडघ्यापासून सुजला होता आणि अंगावर लोकरीची नवीकोरी धाबळी होती.

"ही कुटनं आली?" नंदाबाईनं विचारलं.

"शेठनं दिली मावशी. लय भला मानूस. म्हनला, थंडी वाजत आसंल."

"पाय मोडल्यावर थंडी वाजती व्हय रं? का दूध सांडल्यावर वाजती?"

"न्हाई म्हनायचं कसं? बंगल्यात बोलावलं, चा पाजला..."

"चा बी पिलास?"

बजरंगनं मान खाली घातली. नंदाबाईनं त्याच्या अंगावरची धाबळी डाव्या हातानं ओढून घेतली, सायकलच्या दांडीवर टाकली आणि शेठच्या बंगल्याच्या वाटेला लागली. फाटकावर माळी उभा होता. "कोन पाहिजे?" त्यानं विचारलं. ती उतरली नाही. धाबळी फाटकावर फेकली आणि म्हणाली, "शेठना म्हनावं, बजरंगला थंडी न्हाई. सोमवारी वडगावच्या कोर्टात या, तितं त्योच सांगंल त्येला काय पायजे ते."