जिथे आपलं कुणी नाही असं विद्यापीठ

आमच्या चुलत दादाने परराज्यातली दोन मोठी सरकारी विद्यापीठं तोलूनमापून त्यातलं एक निवडलं, अशी कंडी काकूने पिकवली आहे. तोलणं वगैरे काही नाही. हा प्राणी बूट घेताना दुकानदारालाच विचारतो, "मला कुठला आवडला?" एका विद्यापीठात आपली भाषा बोलणारी पोरं ढिगाने होती, दुसऱ्यात औषधालाही नव्हती. दादाने दुसरं घेतलं. कारण विचारलं तर घसा खाकरून म्हणाला, "तिकडचं, म्हणजे, एकंदर वातावरण..."

"वातावरण कसं आहे? वाक्य पुरं कर," काका म्हणाले.

काका शाळेत भाषा शिकवतात आणि घरीही तास घेतात. दादाचं एकही वाक्य त्यांनी दुरुस्त केल्याशिवाय सोडलेलं नाही. त्यामुळे दादा बोलतो ते ओल्या फरशीवरून चालल्यासारखं. त्याची नक्कल करून मी पाहुण्यांकडून टाळ्या घेते.

मी पैज लावली, "सुट्टीत येशील तेव्हा तिथल्या भाषेत तुला पाणीसुद्धा मागता येणार नाही. हरेल त्याने घरातले सगळे बूट पुसायचे."

सुट्टीत आला. जेवताना त्याचा फोन वाजला आणि हा त्या भाषेत सुसाट सुटला. पलीकडचा मित्र हसून हसून खोकायला लागला. काकांनी सवयीने दुरुस्तीसाठी तोंड उघडलं, पण एक शब्द कळेना, म्हणून त्यात घास घातला.

"पॉलिश खालच्या कप्प्यात आहे, बाईसाहेब," दादा मला म्हणाला. अख्खं वाक्य, एका दमात.