गुरुपादप्पा पैलवान आणि निळी जाळी

लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात गुरुपादप्पा पैलवानाच्या हातचा मार न खाल्लेला भांडखोर सापडणं कठीण होतं. मापात मारणाऱ्या भाजीवाल्याचं नाक त्यानं त्याच्याच तागडीनं फोडलं होतं. जीप अंगावर घालणाऱ्या एका ड्रायव्हरला तर खिडकीतून ओढून काढून असं बुकललं होतं की तो बिचारा कित्येक दिवस पातळ भातावर होता. लोक हे किस्से हसून सांगत. घरात हसण्यासारखं काही नव्हतं. तोच हात लग्न झाल्यापासून नागाबाईवर पडत आला होता, कधी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून, कधी कशासाठीच नाही. याला पैलवानी म्हणायची असेल त्यानं खुशाल म्हणावी.

गेल्या वर्षी लेक शिल्पा नांदेडहून माहेरी आलेली असताना त्यानं तिच्यादेखत नागाबाईच्या कानाखाली अशी वाजवली की कानातून रक्त आलं. नागाबाई रडली नाही. तिनं पदरानं कान पुसला आणि म्हणाली, "आता पुन्हा एकदा जरी हात उठला, तर मी शिल्पाकडं जाईन. मग माझ्या मातीलाच या."

नागाबाई एखादी गोष्ट एकदाच बोलते, हे गुरुपादप्पाला पक्कं ठाऊक होतं. तिच्यावाचून आपलं पान हलत नाही हेही ठाऊक होतं, पण ते कबूल करायला जीभ रेटत नव्हती. त्यानं हात आवरला. डोकं फिरलं की परसात जाऊन भिंतीवर मुठी हाणायचा. पेरं सोलून निघायची, आणि नागाबाई मुकाट्यानं हळदीची वाटी पुढं सरकवायची.

मुलगा शिवशंकर लातूरला नोकरीला. त्याला यातून एक युक्ती सुचली. डोळ्यांवर चढवायचं व्हीआरचं यंत्र आणायचं, त्यातल्या बॉक्सिंगच्या खेळात बापानं हवं तितकं मारावं, भिंतही शाबूत आणि आईही. बापाला घेऊन तो लातुरात कलीमच्या दुकानी गेला.

कलीम मोबाइल आणि खेळांची यंत्रं विकायचा. कॉम्प्युटरला वायरनं जोडायचं यंत्र त्यानं स्वतःच बाजूला सारलं, वायर पायात येऊन तोंडावर पडाल म्हणाला. मग त्यानं घर कसं आहे ते विचारून घेतलं. पुढची एक खोली, तिच्यात बाज आणि लोखंडी कपाट, आणि स्वयंपाकघराचं दार थेट त्याच खोलीत उघडणारं. ते ऐकल्यावर त्याचा सल्ला सरळ होता. काकांनी खुर्चीवर बसून खेळावं. बॉक्सिंगही बसून खेळता येतं, त्याला हलकं, साधं यंत्र पुरतं. खोलीभर फिरून खेळायचं तर बाहेरचं बघणाऱ्या कॅमेऱ्यांचं यंत्र लागतं आणि आधी जमिनीवर हद्द आखावी लागते. हद्दीजवळ गेलं की डोळ्यांपुढं निळी जाळी उभी राहते. ती दिसली की थांबायचं.

खुर्चीचं नाव काढताच गुरुपादप्पाच्या कपाळाला आठी पडली.

"पैलवान बसून लढत न्हाई," तो म्हणाला. कॅमेऱ्यांचं यंत्र घरी आलं.

बाज अंगणात गेली. शिवशंकरनं हद्द आखली आणि आप्पा खेळत असताना खोलीत पाय टाकायचा नाही, असं आईला बजावलं. पहिल्याच दिवशी गुरुपादप्पानं समोरच्या तांबड्या चड्डीवाल्या गड्याचा जबडा फोडला, बरगड्या ठेचल्या, तो आडवा झाल्यावरही वरून ठोसे घातले. शिवशंकर खूश होऊन लातूरला परतला. नागाबाई मात्र धास्तावली होती. यंत्र काढल्यावर नवऱ्याचे डोळे निवायच्या ऐवजी रोज जास्तच तांबारलेले दिसायचे. हवेला मारून त्याचे हात भरत नव्हते. हाडं मोडतील असा ठोसा हाणावा आणि हातात धरायच्या यंत्राच्या मुठींतून जाणवावं काय, तर माशीएवढी गुणगुण.

त्यात ती निळी जाळी. जत्रेच्या फडात कडेला बसलेल्या माणसांपर्यंत कुस्ती रेटत गेली, तरी पैलवान आपणहून कधी थांबत नाही. पंच दोघांना ओढून मध्ये आणतो. तोवर जो थांबला तो भ्याला, असंच गुरुपादप्पा तालमीत शिकला होता. जाळी दिसली की त्याला वाटायचं, गडी कडेला सापडला, आता सोडायचा नाही. ओढून मध्ये आणायला इथं पंच कुठला?

एके दुपारी तांबड्या चड्डीवाल्यानं त्याला पाडलं, आणि लागोपाठ पुन्हा पाडलं. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो उठला आणि ठोसे विसरून, खांदा खाली घालून, गड्याला रेटत निघाला. जाळी समोर आली. तो तिच्यातून पार गेला. स्वयंपाकघराच्या दारात नागाबाई उभी होती. उंबऱ्यावर आपटेल म्हणून तिनं त्याला थोपवायला हात पुढं केला.

तो हात त्याच्या पंज्यात आला. यंत्राच्या मुठी सुटून पट्ट्यांनी मनगटांना लोंबत राहिल्या. बोटांखाली काचेच्या बांगड्या लागल्या, ऊबदार, जिवंत मनगट लागलं. गुरुपादप्पानं पाठ फिरवून तो हात खांद्यावर ओढला आणि धोबीपछाड मारला. नागाबाई त्याच्या डोक्यावरून जाऊन फरशीवर आपटली. हाड मोडल्याचा आवाज त्याला यंत्राच्या गलक्यातूनही ऐकू आला.

खांद्याचं हाड आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. लातूरच्या दवाखान्यात जो तो यंत्राला शिव्या घालत होता. शिवशंकर स्वतःच्या तोंडात मारून घेत होता, कलीम यंत्र परत घ्यायला आला होता, आणि डोळे झाकलेल्या माणसाला काय दिसणार, असं शेजारी म्हणत होते. गुरुपादप्पा मान खाली घालून ऐकत होता. सगळ्यांनी मिळून त्याला सोडवला होता. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं.

घरी सोडायच्या दिवशी शिल्पा नांदेडहून गाडी घेऊन आली. नागाबाईनं तिला थांबवलं आणि नवऱ्याला जवळ बोलावलं.

"चुकून झालं असंल तर मी कुठं जात न्हाई, मुरुडलाच चलते," ती म्हणाली. "खरं सांगा. मी हाय हे तुमाला कळलं होतं का?"

नाही म्हटलं की बायको घरी येणार होती, आणि त्याला ती हवी होती, आयुष्यात दुसरं काहीच कधी हवं झालं नव्हतं इतकी. त्यानं तिच्या मोकळ्या मनगटाकडं पाहिलं. काचेनं कापलेलं तिथं सुकून काळं पडलं होतं.

"हाताला बांगड्या लागल्या," तो म्हणाला. "कळलं. तरी टाकलं."

नागाबाईनं शिल्पाला गाडी दाराशी आणायला सांगितलं.

तिला गाडीत चढता येत नव्हतं. गुरुपादप्पा सवयीनं पुढं झाला आणि उचलून घ्यायला वाकला.

"हात लावू नका," नागाबाई हळूच म्हणाली.

शिवशंकरनं आईला उचलून आत बसवलं, आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत पैलवान दोन्ही हात पाठीमागं धरून उभा राहिला.