दर शनिवारचा पेन ड्राइव्ह

फरीदाबादच्या आमच्या छोट्या कारखान्यात गाड्यांच्या पार्टचे साचे बनतात. आज सकाळी ऑफिसचा कम्प्युटर सुरूच झाला नाही. सगळ्या साच्यांची ड्रॉइंग त्यातच होती आणि मानेसरचा ग्राहक दुपारी ती बघायला येणार होता.

“बेटा, बॅकअप तो है ना?” मालकांनी विचारलं.

“है सर.” दर शनिवारी मीच पेन ड्राइव्हवर कॉपी करते.

दुसऱ्या कम्प्युटरला लावला, तर एकही ड्रॉइंग उघडेना. वर्षभर मी डेस्कटॉपवरचे नुसते शॉर्टकट, म्हणजे फाइलकडे नेणारी चिन्हं, कॉपी करत होते; मूळ फाइल एकही नाही.

“तुम तो ग्रॅज्युएट हो,” एवढंच ते म्हणाले. आमच्या घरात मीच पहिली ग्रॅज्युएट.

ग्राहकाला फोन करून माझी चूक मीच सांगितली. कम्प्युटरची डिस्क दुरुस्तीला गेलीय, ड्रॉइंग परत मिळतील का ते उद्या कळेल.

तुम्ही तुमचा बॅकअप कधी उघडून पाहिलाय का?