गिळलेले आकडे

उकलताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी संगणकात दाबून, आवळून ठेवलेल्या. त्या उलगडून वाचण्याजोग्या करणारा प्रोग्राम तिने लिहिला, म्हणून हे नाव. बाई कामाला वाघ, पण राग सदा नाकावर. आज तो पहिल्यांदाच स्वतःवर उसळला होता.

जुन्या माणसांनी जागा वाचवायला युक्ती केली होती. समजा, ओळीत सहा रिकाम्या जागा आल्या, की सहाचा आकडा लिहून पुढे एकच जागा सोडायची. तिचा प्रोग्राम आकडा दिसला की तेवढ्या जागा मोकळ्या सोडायचा. मग तिची नेहमीची परीक्षा: उलगडलेलं पुन्हा दाबायचं आणि मुळाशी जुळलं तरच सही. जुळलं. तिने सही ठोकली. दुपारच्या चहाबरोबर सहज एक नोंद वाचली, तर ‘गोळ्या’पुढे नुसता मोकळा पट्टा! डोसाचा आकडाही प्रोग्रामने रिकाम्या जागा समजून गिळला होता. पुन्हा दाबताना त्याच पट्ट्याचा परत आकडा व्हायचा, म्हणून परीक्षा पास.

"इतकी वर्षं काय गवत उपटत होते मी?" ती स्वतःवरच खेकसली आणि तडक साहेबांच्या खोलीत शिरली.

"मूळ फायली पुसू नका. डोस गेलेत सगळे."

"आता? पाच वाजता पुसायला सांगितलंय. अहो ताई, शब्द तर आलेत ना? डॉक्टर विचारून घेतील पेशंटला."

"म्हणजे औषध अंदाजपंचे द्यायचं?"

"राईचा पर्वत करू नका. आणि सही तुमचीच आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहीची लाज तिला होतीच. पण हा माणूस त्या लाजेआड लपत होता. साहेबांचे वडील वरच्या मजल्यावर हृदयाच्या वॉर्डात आहेत, हे साऱ्या ऑफिसला ठाऊक होतं. तिने साहेबांचाच कीबोर्ड ओढला आणि त्यांच्या वडिलांची उलगडलेली जुनी नोंद उघडली.

"वाचा."

"रक्त पातळ करायच्या गोळ्या, रोज..." साहेब अडखळले.

"किती, साहेब?"

साहेबांनी ओळ पुढे सरकवली. नुसता मोकळा पट्टा.

"माहीत नाही? मग जा, विचारून घ्या वडिलांना!"

"ते परवापासून बोलत नाहीयेत," साहेब म्हणाले आणि पाच वाजताचं पुसणं थांबवायला त्यांनी फोन उचलला.