डाव्या सीटवरच्या सासूबाई

सिकुधानीने गाडी घेतली आणि बुजुम्बुरातल्या बुयेन्झी वस्तीच्या अख्ख्या गल्लीने ती हाताळून पाहिली. कुणी बॉनेटवर थापा मारल्या, कुणी दारं उघडून मिटली, कुणी नुसतंच आत बसून घेतलं. शेवटी निकाल लागला: गाडी नवी आहे. नवी म्हणजे जपानात कुणीतरी मनसोक्त वापरून सोडलेली, दार-एस-सलामच्या बंदरात उतरलेली आणि किगोमावरून सीमा ओलांडून आलेली. बुजुम्बुरात यालाच नवी म्हणतात. गाडीच्या अंगावर ओरखडा नव्हता आणि तिच्यातून बाई बोलायची. चावी फिरवली की डॅशबोर्डातून एक मंजुळ आवाज जपानीत काहीतरी विनंती करायचा.

"काय म्हणते ती?" सासूबाईंनी पहिल्या दिवशीच विचारलं.

"काय माहीत, आई. कसलं तरी कार्ड मागत असेल."

"पाहुणी आहे बिचारी. उत्तर नको द्यायला?" आणि डॅशबोर्डाकडे झुकून म्हणाल्या, "तुमचंही भलं होवो हो!"

सिकुधानीसुद्धा किगोमाहूनच आलेली. नेस्टोरशी लग्न करून सीमेपलीकडे आली, तेव्हा गल्लीने तिलाही असंच निरखलं होतं. नेस्टोर मासळीच्या होड्यांबरोबर सरोवरावर असायचा. घरी त्याच्यापेक्षा त्याचे वाळवलेले मासे जास्त दिसायचे. घरात उरायच्या त्या सून आणि सासू, जेनेरोजबाई. सून बंदरावरची, जे मनात ते जिभेवर. सासू मुराम्व्याच्या डोंगरातली. तिथली जुनी माणसं समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. 'हो'सुद्धा शक्यतो टाळतात. उगाच घाई केल्यासारखं दिसतं.

गाडी घेतली होती ती नोकरीसाठी. किगोमाच्या एका साबण कंपनीला डोंगरातल्या बाजारांत माल खपवणारं माणूस हवं होतं. मालक मापुंडासाहेबांनी फोनवर स्पष्ट सांगितलेलं: "सोमवारी सकाळी विम्याचा कागद दाखव आणि कामाला लाग. नाहीतर तो भाग मी दुसऱ्याला देतो. बाहेर माणसं रांगेत उभी आहेत." सिकुधानीला ती नोकरी हवीच होती. परक्या गावात सासूच्या ओसरीवर बसून तांदूळ निवडायला ती आली नव्हती.

शुक्रवारी ती विमा कचेरीत गेली. टेबलामागे ओनेसिम बसला होता. काटकुळा माणूस, गळ्यात टाय, आणि जगातला प्रत्येक अपघात आपल्याच नातेवाइकाला झाल्यासारखा चेहरा.

"स्टिअरिंग कुठल्या बाजूला?" त्याने विचारलं.

"उजव्या. इथे सगळ्यांचंच उजव्या बाजूला असतं की."

"हो, आणि गाड्याही रस्त्याच्या उजव्या बाजूनेच चालतात. म्हणजे तुम्ही बसणार गटाराच्या कडेला. पुढे ट्रक आला की त्याच्यापलीकडचं तुम्हाला काय दिसणार? कपाळ! दिसतं ते डाव्या सीटवरच्या माणसाला. तो म्हणाला जा, की तुम्ही जाणार." त्याने पेन खाली ठेवलं. "गावात फिरायचं असेल तर आत्ता कागद देतो. डोंगराच्या रस्त्याला मात्र आमच्या कंपनीत गाडीची तपासणी नसते, बाई. डाव्या डोळ्याची असते. कोण आहे तुमचा डावा डोळा?"

सिकुधानीने शेजारच्या गॅरेजवाल्या रमाझानीचं नाव घेतलं. ओनेसिमने डोळे मिटून घेतले.

"तो? तो झोपेतसुद्धा 'जा, जा' म्हणतो. त्याच्या शब्दावर गेलेल्या गाड्या त्याच्याच गॅरेजात दुरुस्तीला येतात. दुसरं कुणीतरी आणा. उद्या सकाळी तपासणी, दुपारी कचेरी बंद."

घरी येऊन ती डोकं धरून बसली. सासूबाई केळी सोलत होत्या.

"डाव्या सीटवर बसायला काय लागतं गं?" त्यांनी सहज विचारलं.

"डोळे."

"दोन आहेत माझ्याकडे," सासूबाई केळ्याकडे बघत म्हणाल्या. "म्हणजे, कुणाला गरज असेल तर."

शनिवारी सकाळी गाडी बुगारामाच्या घाटाला लागली. डावीकडे सासूबाई, ठेवणीतलं लुगडं खांद्यावर गाठ मारून. मागच्या सीटवर ओनेसिम, बॅग पोटाशी धरून. पुढे सिमेंटचा ट्रक धापा टाकत चढत होता आणि त्याच्या शेपटाला, नेहमीप्रमाणे, सायकलवाले लोंबकळत होते.

"आई, जाऊ?"

"जायला काय हरकत आहे, बाळा? रस्ता सगळ्यांचाच आहे."

सिकुधानीने गाडी बाहेर काढली.

"समोरून एक बस येतेय," सासूबाई म्हणाल्या, "तिलाही घाई असणारच."

सिकुधानीने गाडी कशीबशी परत ट्रकमागे घातली. बस आरशाला हवा घालून गेली. मागून ओनेसिमने कुठल्यातरी संताचं नाव घेतलं.

"आई! बस येतेय हे आधी नाही का सांगायचं?"

"तू जाऊ का विचारलंस. घरातून निघालेल्या पोरीला तोंडावर नाही म्हणायचं? माझ्या आईने मला असं शिकवलं नाही."

"बरं. आता नीट ऐका. मी विचारलं की एकच शब्द. हो किंवा नाही. बस."

"बस."

पुढचं वळण आलं.

"आई, जाऊ?"

सासूबाईंनी मान लांब करून रस्ता न्याहाळला.

"आई?"

"विचार करतेय."

"कसला विचार, अहो, रस्ता दिसतोय ना?"

"रस्ता दिसतोय. पण हो म्हटलं आणि काही झालं तर माझा शब्द जातो. नाही म्हटलं तर तुझं मन मोडतं. तूच सांग, कुठलं बरं?"

तेवढ्यात ट्रकला लटकलेल्या एका सायकलवाल्याने मान वळवली आणि त्याचा चेहरा उजळला. "अरेच्चा, जेनेरोजमावशी!"

"अरे, तू आपल्या फेलिसियनचा ना?" सासूबाईंनी काच खाली केली. "गाय कशी आहे?"

"व्याली!"

"वासरू कुणावर गेलंय?"

एका हाताने ट्रक धरून तो वासराचा रंग सांगू लागला. सिकुधानीने दातओठ खाल्ले. मधल्या काळात रस्ता दोनदा मोकळा झाला आणि दोनदा भरला. वासरावरून विषय फेलिसियनच्या गुडघ्यावर आला, गुडघ्यावरून धाकटीच्या लग्नावर. ट्रक, सायकली आणि विम्याची तपासणी अशी वरात एकाच चालीने वर पोचली. वाटेत एकही वाहन मागे टाकलं नाही. हातगाडीसुद्धा नाही.

बुगारामाच्या धुक्यात सासूबाई कोबी घ्यायला उतरल्या. सिकुधानीने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

"झालं," ती म्हणाली. "गेली नोकरी. साहेब, तुम्ही बोलूच नका. मला कळलंय."

"मला बोलायचंय," ओनेसिम म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर चक्क रंग आला होता. "बाई, मी या घाटात किती डावे डोळे तपासले असतील! सगळे जा, जा म्हणणारे. या माउली कुणालाच पुढे जाऊ देणार नाहीत. ना आज, ना कधी. विमा कंपनीला असा माणूस स्वप्नातसुद्धा भेटत नाही."

"म्हणजे, पास?"

"पास! फक्त एक अट. घाटात गाडी असेल तेव्हा डाव्या सीटवर याच बसणार. आणि त्यांनी माझ्यासमोर होकार द्यायला हवा. स्पष्ट."

सिकुधानीचा आनंद 'स्पष्ट' या शब्दावर येऊन आपटला.

कचेरीत परत आले तेव्हा शिपाई खिडक्या लावत होता. ओनेसिमने शिक्का हातात घेऊन विचारलं, "मावशी, सुनेबरोबर बसाल ना गाडीत?"

"देवाची इच्छा," सासूबाई म्हणाल्या.

"तुमची काय?"

"माझं काय, मी म्हातारी."

"आई, हो म्हणा ना!" सिकुधानीचा आवाज चिरकला. "सोमवारी कागद नसेल तर साहेब काम दुसऱ्याला देतील!"

"तुझं काम जावं असं कुठल्या सासूला वाटेल?"

"म्हणजे हो?"

"आपण बोलू त्यावर."

शिपायाने शेवटची खिडकी लावली. सिकुधानी तोंड उघडणार होती, किगोमाच्या बंदरावर उघडतात तसं. पण सासूबाई दाराबाहेर उभ्या गाडीकडे बघत होत्या, आणि बघताना कमरेवर हात दाबत होत्या. सिकुधानीने तोंड मिटलं. मग बसून घेतलं, आणि जन्मात पहिल्यांदा वळसा घालून बोलायला लागली.

"आई, ती सीट जरा कडकच आहे, नाही?"

"सीटला कशाला नावं ठेवायची? लोक उशी घेतात म्हणे."

"घेतात. निळी उशी बरी दिसेल."

"निळी मळते."

"तपकिरी."

सासूबाईंनी हरकत घेतली नाही.

"गुरुवारी डोंगरात फार ऊन असतं," गुरुवारी सासूबाई घरी नसतात हे आठवून सिकुधानी चाचपडत म्हणाली.

"उन्हाचं काही नाही. चर्चच्या बायका गुरुवारी जमतात, एवढंच. त्यांचं माझ्यावाचून अडतं असं नाही. पण गेल्या वेळी गाणं बेसूर झालं."

"गुरुवारी मी गाडी धुवायला काढेन म्हणते."

सासूबाई उठल्या. कुणाला काही न बोलता बाहेर गेल्या, गाडीच्या डाव्या सीटवर बसल्या आणि पट्टा ओढून लावायला लागल्या. पट्टा अडकेना. पुन्हा ओढला. खटकन बसला.

ओनेसिम खिडकीच्या फटीतून बघत होता. तोही शेवटी डोंगरातल्याच आईचा मुलगा. "आला होकार," तो म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.

सोमवारी सकाळी सिकुधानीने गाडीत बसूनच मापुंडासाहेबांना कागदाचा फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"शाब्बास! मग असं कर, गुरुवारी गितेगाचा मोठा बाजार असतो. पहिला माल तिकडेच न्यायचा."

"गुरुवारी जमणार नाही, साहेब. बुधवारी जाते."

"का? कोण नाही म्हणतंय?"

सिकुधानीने डावीकडे पाहिलं. सासूबाई तपकिरी उशी पाठीशी नीट करून बसल्या होत्या आणि समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे अत्यंत आदराने बघत होत्या.

"'नाही' तर कुणीच म्हणत नाही, साहेब," ती म्हणाली. "तीच तर अडचण आहे."